शिटी पाण्यासाठीही वाजवावी

भर दुपारी आपण बैलांचे जू सोडून त्यांना सावलीत नेतो. मैदानावरच्या पंचाला मात्र उन्हात उभा ठेवतो. खेळाडू बदलतात, पंच बदलत नाही. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उन्हातल्या सोहळ्यानंतर चौदा जण दगावले. ते तर नुसते बसून होते.

आम्हांस वाटते, सामने सकाळी किंवा ऊन उतरल्यावरच घ्यावेत. दर वीस मिनिटांनी पंचाने शिटी वाजवून खेळ थांबवावा, स्वतःही पाणी प्यावे. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पाणी जवळ असावे. पंच बरळू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा व तत्काळ दवाखाना गाठावा.

पाणी मागण्यात कमीपणा कसला? क्रुसावर आपल्या प्रभूनेही तहान बोलून दाखविली.