तळघरातील वर्षे कोणाच्या खाती?

इंग्लंडातील डॉर्चेस्टर या गावी एल्ड्रिज पोप नावाची एक जुनी ब्रुअरी होती. थॉमस हार्डी या कादंबरीकाराच्या निधनास १९६८ साली चाळीस वर्षे होत असल्याचे निमित्त साधून तिने सुमारे १२ टक्के मद्यार्काची एक तपकिरी, दाट बिअर सिद्ध केली, तिला त्या थोर लेखकाचे नाव दिले, आणि बाटली नीट राखल्यास आतील पेय पंचवीस वर्षे टिकेल असे जाहीर अभिवचन गिऱ्हाइकास दिले. ज्या पेयाची थोरवी आपण त्याच्या ताजेपणात आणि गारव्यात शोधतो, त्याविषयी असे अभिवचन देणे हे धाडस होते. पण ते फोल ठरले नाही. १९९९ नंतर एल्ड्रिज पोपने ही बिअर करणे सोडले, २००३ साली त्या आवारातील ब्रुअरीही बंद झाली, तरी जाणत्या लोकांच्या तळघरांत पूर्वीच्या सालांच्या बाटल्या उभ्याच होत्या आणि त्यानंतरही कित्येक वर्षे त्या आवडीने उघडल्या जात होत्या. पुढे इतरांनी या बिअरचे पुनरुज्जीवन केले हे खरे. परंतु बिअर थांबू शकली आणि ती करणारे थांबू शकले नाहीत, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

माझे म्हणणे स्पष्टच मांडतो. कडक आणि गडद बिअर वर्षानुवर्षे मुरवण्याचे काम मुळात ती करणाऱ्याचे आहे. त्या मुरण्याची जोखीम, जागा आणि त्यात अडकून पडणारे भांडवल यांचा भार आज जो हौशी गिऱ्हाइकाच्या शिरावर टाकला गेला आहे, तो ब्रुअरीने पुन्हा आपल्या शिरावर घेतला पाहिजे, आणि सरकारने आपली करपद्धती असे करू पाहणाऱ्याला अडथळा होणार नाही अशी ठेवली पाहिजे.

बिअर मुरते म्हणजे काय होते, हे थोड्या तपशिलाने सांगणे अवश्य आहे. कारण जुने ते सारे उत्तम मानणारी समजूत जितकी भ्रामक, तितकीच बिअर केवळ शिळी होते एवढेच जाणणारी समजूतही अपुरी आहे. सर्वांत आधी जातो तो हॉप्सचा सुगंध. मागोमाग, कडवटपणा देणारी जी आयसो-आल्फा आम्ले असतात त्यांचे हळूहळू विघटन होते, आणि नव्या बिअरच्या गोडीला ज्या कडूपणाने आवर घातलेला असतो तो सैल पडून मॉल्टची गोडी पुढे सरसावते. बाटलीच्या मानेत राहून गेलेला आणि झाकणाच्या अस्तरातून कणाकणाने झिरपणारा प्राणवायू याच काळात आपले काम करीत असतो. फिकट बिअरचा त्याने नाश होतो; तिच्यात ट्रान्स-२-नोनेनाल नावाच्या द्रव्यामुळे ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. गडद मॉल्ट भट्टीत भाजताना त्यात जी मेलॅनॉइडिन द्रव्ये निर्माण झालेली असतात, ती मात्र हा प्राणवायू काही अंशी स्वतःकडे ओढून घेतात, आणि जो दोष तरीही उरतो तो त्यांच्या भाजक्या गंधाखाली दबून जातो. याच संथ क्रियेतून शेरी आणि मदेरा या पुष्ट दारूंची आठवण करून देणारे स्वाद जन्मास येतात. त्यांतील एका द्रव्याचे नाव सोटोलॉन, आणि आपल्या फोडणीच्या डब्यातील मेथीदाण्याला त्याचा विशिष्ट वास ज्याच्यामुळे येतो तेच हे द्रव्य होय. तळाशी साचलेले यीस्टही स्वस्थ नसते. मृत पेशी फुटून त्यांतील रस बिअरमध्ये मिसळतो, आणि तो बेताचा असेल तर चवीला खोली येते, अधिक झाला तर सोया सॉसचा खारटपणा येऊन सारे बिघडते. या सर्व घडामोडी दहा ते तेरा अंश तापमानात, अंधारात आणि बाटली उभी ठेवून घडल्या तरच त्यांचा तोल राहतो, कारण उष्मा दहा अंशांनी वाढला की त्यांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो आणि ज्या क्रिया एकमेकींच्या संगतीने चालावयाच्या त्या एकमेकींना मागे टाकू लागतात.

इंग्लंडात लेस्टर येथे स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्याच्या घरी मला हा फरक शेजारी-शेजारी पाहण्याचा योग आला. बेल्जियमच्या स्कूरमों मठातील ट्रॅपिस्ट साधूंची, ९ टक्के मद्यार्काची शिमे ही निळ्या लेबलाची बिअर १९४८ साली नाताळासाठी म्हणून प्रथम निघाली; तिच्या मोठ्या बाटलीवर साल छापण्याचा शिरस्ता आहे. स्नेह्याने चालू सालाची एक आणि दशकभर राखलेली एक अशा दोन बाटल्या उघडल्या. नवीचे बूच जोराने उडाले, फेस पेल्याबाहेर येऊ पाहत होता, मिरी आणि पिकलेल्या केळ्याचा वास अंगावर आला आणि घोटाच्या शेवटी मद्यार्काची ऊब घशाला बोचली. जुनीचे बूच काढताना जेमतेम हुंकार उमटला. फेस पातळ, पण टिकून राहिला. रंग चिंचेच्या कोळासारखा लालसर काळा झाला होता. आणि वासात प्रथम खजूर, मग काकवी, आणि पेला हातात जरा तापल्यावर सुक्या अंजिरामागून येणारा तो मेथीचा किंचित कडसर गंध. मद्यार्क तितकाच असूनही तो कोठे टोचत नव्हता. स्नेह्याच्या पत्नीने, ज्या एरवी अशा पेयांपासून दूर राहतात, दोन्ही पेल्यांचा वास घेऊन ‘ही धाकटी बहीण आणि ही मोठी, असं कुणी सांगितलं तर पटायचं नाही’ असे म्हटले, आणि त्या संध्याकाळी याहून अचूक कोणी काही बोलले नाही. चौघांत एक बाटली सहज पुरली, हेही येथे नमूद केले पाहिजे. अशी बिअर घोटाघोटाने, बोलत बोलत घेतली जाते, आणि मद्यपानाच्या दुष्परिणामांची रास्त चिंता वाहणाऱ्यांनी या मंदपणाची दखल घ्यावी असे मला वाटते.

प्रत्येक बिअर अशी मुरत नाही. मद्यार्क आठ टक्क्यांच्या खाली असेल, किंवा हॉप्सचा ताजा सुगंध हेच जिचे सर्वस्व असेल, ती ठेवून देणे म्हणजे तिचा अपव्यय करणे होय. आपल्या शार्ङ्गधरसंहितेत हा विवेक फार नेटकेपणाने केलेला आहे: चूर्णे दोन महिन्यांत हीनवीर्य होतात, गोळ्यांना आणि अवलेहांना वर्षाची मर्यादा असते, आणि आसवे व भस्मे मात्र जुनी होतील तसतशी अधिक गुणवान होतात. द्रव्याचा स्वभाव पाहून मुदत ठरवावी, हा तो न्याय. आणि त्याच न्यायाने पाहता उत्तमांतल्या उत्तम कडक बिअरचाही एक माथा असतो, बहुतेकींच्या बाबतीत तो पाच ते पंधरा वर्षांच्या दरम्यान येतो, आणि त्यानंतर उतार सुरू होतो. बर्टन येथील बास कंपनीने १८६९ मध्ये रॅटक्लिफ घराण्यातील पुत्रजन्मानिमित्त केलेली बिअर २००६ साली तळघरात सापडून पिण्याजोगी निघाली, ही हकीगत खरी आहे. पण ते नवल आहे, नियम नव्हे.

हा माथा ओळखणार कोण, हा कळीचा प्रश्न आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये नवी बिअर विकत घेऊन ती मुरवण्याचे काम गुत्तेवाले आणि दलाल करीत. पोर्टर नावाच्या काळसर बिअरचा खप वाढला तसा हा व्यवहार ब्रुअरींनी स्वतःकडे घेतला, आणि त्यासाठी त्यांनी बांधलेल्या लाकडी पिंपांची भव्यता कोणासही थक्क करील. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनम कोर्ट रोडवरील म्यू यांच्या ब्रुअरीतील असे एक पिंप फुटले, लोंढ्यात शेजारची घरे कोसळली आणि आठ माणसे दगावली. त्या पिंपात साडेतीन हजारांहून अधिक बॅरल पोर्टर होते आणि ते दहा महिन्यांचे होते, म्हणजे तितके महिने त्या ब्रुअरीने आपले पैसे त्यात अडकवून ठेवले होते. सदर्कमधील हेन्री थ्रेल यांची ब्रुअरी त्यांच्या मृत्यूनंतर १७८१ साली बार्कले आणि पर्किन्स यांनी १,३५,००० पौंडांस घेतली. रशियाच्या सम्राज्ञीसाठी तेथे खास पोर्टर तयार होत असल्याची नोंद जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराने १७९६ साली आपल्या दैनंदिनीत केली आहे. इंग्रजी मुरलेल्या बिअरच्या विशिष्ट स्वादाचे रहस्य कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ साली उकलले. पिंपांच्या लाकडात वास करणारे, मुख्य यीस्ट थकल्यावर सावकाश कामास लागणारे ब्रेटॅनोमायसीस हे दुसरे यीस्ट त्यामागे होते. असले ज्ञान एखाद्या गिऱ्हाइकाच्या माळ्यावर जमत नाही. ते एकाच पिंपाशी पिढ्यान्‌पिढ्या वागलेल्या माणसांच्या हाती येते. सफोकमधील बरी सेंट एडमंड्स येथे ग्रीन किंग ब्रुअरीने १२ टक्क्यांची जी बिअर दोन-दोन वर्षे ओकच्या पिंपांत मुरवून मग ताज्या बिअरमध्ये मिसळण्याची वहिवाट चालवली, तिथे पिंपांच्या झाकणांवर त्याच प्रांतातील चुनखडीयुक्त मातीचा थर पसरला जाई, हेतू हा की हवेतील नको ते जंतू आत शिरू नयेत. ही युक्ती कोणा पुस्तकातून आलेली नसावी.

मग हे मागे का पडले? लोकांची रुची नव्या, गोडसर बिअरकडे वळली हे एक कारण. परंतु अबकारी दप्तराचा वाटाही लहान नाही, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी मॉल्टवरील कर रद्द करून बिअरवर कर बसवला, तो मॉल्टचा गोड काढा आंबण्यापूर्वीच त्याच्या दाटपणावरून आकारला जाई. म्हणजे जी बिअर दोन वर्षांनी विकावयाची, तिचा महसूल पहिल्याच महिन्यांत सरकारजमा करावयाचा, आणि काढा जितका दाट तितका तो अधिक. जो थांबतो त्यालाच दंड, असा हा कारभार शतकाहून अधिक काळ चालला. बिअर ब्रुअरीच्या बाहेर पडताना तिच्यातील मद्यार्कावर कर घेण्याची पद्धत जून १९९३ मध्ये आली. कालगती अशी की, बार्कले-पर्किन्सचा वारसा चालवणाऱ्या करेज कंपनीने आपली साल छापलेली इंपीरियल रशियन स्टाउट शेवटची केली ती त्याच वर्षी. पुढे २०११ मध्ये ७.५ टक्क्यांवरील बिअरवर जादा कर बसला. स्वस्त, अतिकडक लागरच्या व्यसनाला आळा घालणे हा त्यामागील हेतू होता, पण जिची बाटली चौघे वाटून घेतात तिलाही तोच फटका बसला. २०२३ पासून ८.५ टक्क्यांवरील बिअर आणि द्राक्षाची वाइन यांना एकच दर लागू आहे. कर वाइनचा, आणि दुकानातील किंमत व मान मात्र बिअरचा, अशा परिस्थितीत कोणता हिशेबनीस तळघर भरून ठेवण्याची तजवीज मंजूर करील?

मुदतीचा छापही तसाच. युरोपच्या व ब्रिटनच्या नियमांनुसार १० टक्के किंवा अधिक मद्यार्काच्या पेयावर मुदत छापण्याचे बंधन नाही, म्हणजे ११.३ टक्क्यांच्या रोशफोर १० या बिअरला ते लागू नाही आणि ९ टक्क्यांच्या शिमेला आहे. मुरण्याची शक्ती एका टक्क्याच्या रेषेवर अशी तुटत नाही.

आपल्याकडे कंपनी सरकारच्या अमदानीत गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरची पिंपे मुंबई बंदरात उतरत. बिअर मुरवण्याची परंपरा मात्र येथे रुजली नाही, आणि आपल्या हवेत ती वातानुकूलनाशिवाय रुजणेही कठीण. येथे ‘स्ट्राँग’ म्हणून जी विकली जाते ती फिकट, ताजी संपवायची बिअर असते. तथापि पुण्यात २००९ साली डूलॅली ही ब्रुअरी सुरू झाली आणि तेव्हापासून येथेही निगुतीने बिअर करणारी माणसे दिसू लागली. त्यांच्यापैकी कोणी दहा-बारा टक्क्यांची गडद बिअर करून ती मुरवू म्हणेल, तर केंद्राच्या २०१८ च्या अन्नविषयक नियमांनी बिअरसाठी ८ टक्क्यांची कमाल मर्यादा आखून ठेवलेली आहे. ती मर्यादा साल छापलेल्या, लहान बाटलीतील आणि वर्षभर तरी ब्रुअरीतच ठेवलेल्या बिअरपुरती शिथिल करण्यास काय हरकत असावी, हे मला समजत नाही.

मूळ प्रश्न अर्थात युरोपातील ब्रुअरींचाच आहे. आज एखाद्याला पंधरा वर्षांची बाटली हवी असेल तर ती खासगी संग्राहकाकडून, लिलावातून, अवाच्या सवा भावाने घ्यावी लागते, आणि ती कोणाच्या पोटमाळ्यावर किती उन्हाळे तापली याची हमी कोणी देत नाही. चिझिकच्या फुलर्स ब्रुअरीने १९९७ पासून दरसाल व्हिंटेज एल काढली आणि जुन्या सालांच्या बाटल्याही आपल्याजवळ राखल्या, तेव्हा हे अशक्य नव्हते हे सिद्धच आहे. दरवर्षीच्या उत्पादनाचा लहानसा हिस्सा बाजूला काढावा, तो तीन, सात व बारा वर्षांनी आपल्याच तळघरातून विकावा, लेबलावर बाटलीत भरल्याचे साल आणि तळघराबाहेर काढल्याचे साल अशी दोन्ही छापावीत, आणि त्या वाढीव वर्षांचे मोल उघडपणे मागावे. मी ते आनंदाने देईन.