थाळनेर ते बुऱ्हाणपूर : आपलाही एक छोटा देश होता

भडगावच्या एका घरी अकीक्याच्या दावतीला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मोबाईल हातोहात फिरू लागला. त्या घरातला एक मुलगा शिकायला लिथुआनियात गेलाय. बाल्टिक समुद्राकाठचा हा चिमुकला देश. सगळ्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्यापेक्षाही कमी. मुलाने फोटो पाठवले होते. त्राकाई नावाच्या गावी तळ्याच्या मधोमध लाल विटांचा किल्ला, राजधानी विल्नियसच्या जुन्या पेठेतल्या गल्ल्या, आणि एका खेड्यातली लाकडी मशीद. पिवळसर फळ्यांची, एखाद्या शेतकऱ्याच्या घरासारखी. वर छोटा मनोरा आणि त्यावर चांद नसता तर ओळखूही आली नसती. त्या खेड्याचं नावच ‘चाळीस तातार’. १३९७ च्या सुमारास तिथल्या व्हितौतास राजाने तातार मुसलमानांना आणून वसवलं, जमिनी दिल्या, सैन्यात घेतलं. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. मशीद १८१५ ची.

सगळे माशाअल्लाह म्हणत होते. त्या घरच्या नानींनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि विचारलं, “एवढ्या लांबचं दाखवता, आपल्याकडे असं काहीच नाही का?” तेवढ्यात सातवीतली नात म्हणाली, “नानी, मलाही शाळेत हेच लिहायला दिलंय. माझ्या परिसरातील ऐतिहासिक स्थळ. मी ताजमहाल लिहिलाय.”

हसणं झालं, पण आम्हाला ते लागलं. पोरीचा दोष नव्हता. दिवाणखान्यात शिकलेसवरलेले आठ-दहा मोठे बसले होते, आणि तिला दुसरं नाव सांगायला कुणाकडेच काही नव्हतं. आपला खानदेशसुद्धा एकेकाळी असाच एक छोटा देश होता. दोनशेहून अधिक वर्षं, १३८२ पासून १६०१ पर्यंत. त्याचे सुलतान होते, राजधान्या होत्या, शेजारच्या गुजरात आणि माळव्याशी सोयरिकी होत्या आणि भांडणंही होती. म्हणून यंदाच्या थंडीत त्याच घरातल्या मंडळींबरोबर आम्ही दोन सफरी केल्या.

पहिली थाळनेरची. भडगावहून पारोळा, धुळे करत शिरपूर आणि तिथून थाळनेर. सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात जाऊन येता येतं. तिथे हॉटेलाच्या भरवशावर जाऊ नका. आम्ही कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याचा मोठा जार घेऊन गेलो होतो. पाणी पुरलं नाही हे मात्र खरं.

तापीच्या काठावरचं हे साधं गाव. नदीला लागून पडक्या किल्ल्याचे बुरूज उभे आहेत, आणि गावाजवळ काळ्या दगडाचे मकबरे. इथेच खानदेशच्या फारूकी घराण्याची सुरुवात झाली. मलिक राजा हा दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाचा माणूस. १३७० मध्ये त्याला थाळनेरची जहागीर मिळाली. फरिश्ता या इतिहासकाराने सांगितलेली गोष्ट अशी की शिकारीच्या नादात सुलतान लष्करापासून दूर गेला, भुकेने व्याकूळ झाला. तेव्हा शिकारीत जे काही मिळालं होतं ते मलिक राजाने रांधून त्याच्यापुढे ठेवलं, आणि त्याचं नशीब उघडलं. खरं-खोटं अल्लाह जाणे, पण आमच्याबरोबरच्या बायकांना ही गोष्ट फार आवडली. १३८२ पासून तो स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. घराणं आपली वंशावळ हजरत उमर फारूक (रजि.) यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून फारूकी. पुढे त्याच्या मुलाला, नसीरला, गुजरातच्या सुलतानाने ‘खान’ हा किताब दिला आणि खानाचा देश तो खानदेश झाला, असं बरेच जण मानतात.

मलिक राजा १३९९ मध्ये वारला. तो, नसीर खान आणि त्यानंतरचे दोघे असे घराण्याचे पहिले चार राज्यकर्ते याच मातीत आहेत. मकबरे चौकोनी, वर घुमट. एक अष्टकोनी आहे आणि त्याच्यावरची नक्षी सगळ्यांत देखणी. माळव्यातल्या मांडूच्या इमारती ज्यांनी पाहिल्यात त्यांना बांधणी ओळखीची वाटेल. पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. आम्ही गेलो तेव्हा एका मकबऱ्याच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या आणि दुसऱ्याच्या आत कुणीतरी पत्ते खेळून पानं तिथेच टाकून गेलं होतं. नानींनी कुणाला काही न बोलता ती पानं गोळा करून पिशवीत भरली, मग उभं राहून दुआ-ए-मगफिरत केली. तिथे चादर नाही, मुजावर नाही, अगरबत्ती नाही. एका अर्थी बरंच आहे; कबरीवर जावं ते मौत आठवायला. पण चादर नाही म्हणून कुणी फिरकतही नाही, हे काही बरं नाही.

किल्ल्याचा शेवट फार पुढचा. १८१८ मध्ये इंग्रज सेनापती हिस्लॉप होळकरांचं हे ठाणं घ्यायला आला. दरवाज्यात गोंधळ होऊन काही इंग्रज अधिकारी मारले गेले. आतली शिबंदी बरीचशी अरबांची होती. त्यांची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम यांना फासावर चढवलं. एका होळकरी हिंदू किल्लेदाराच्या हाताखाली अरब शिपाई लढले आणि त्याच्याबरोबरच गेले. बुरुजावर उभं राहून हे मुलांना सांगितलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती.

दुसरी सफर बुऱ्हाणपूरची. हिला दोन दिवस हवेत. पाचोऱ्याला रेल्वेत बसायचं. जळगाव, भुसावळ, रावेर, आणि दुतर्फा केळीच्या बागा बघत बघत बुऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण बाजारात मराठी, हिंदी, उर्दू सगळं चालतं, आणि खानदेशातल्या कित्येक मुसलमान घरांच्या सोयरिकी तिथे आहेत. हे शहर नसीर खानाने वसवलं. तापीच्या एका तीराला बुऱ्हाणपूर, समोरच्या तीराला जैनाबाद. खुलताबादला आराम करणारे हजरत बुरहानुद्दीन गरीब (रह.) आणि त्यांच्यामागून आलेले हजरत जैनुद्दीन शिराझी (रह.) या दोन बुजुर्गांची ही नावं. शहर वसलं तेव्हा दोघेही हयात नव्हते. मलिक राजा हजरत जैनुद्दीन यांचा मुरीद होता. त्यांच्याकडून मिळालेला खिरका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला, असं फरिश्ता सांगतो. राजाने गावाला आपलं नाव न देता बुजुर्गांची दिली, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

याच नसीर खानाने असीरगड कसा घेतला तेही सांगितलं पाहिजे. गडाचा मालक आसा अहीर दिलदार माणूस होता. माझ्या बायकामुलांना आसरा दे, असा निरोप नसीरने त्याला पाठवला आणि पडद्याच्या पालख्यांतून हत्यारबंद शिपाई आत सोडले. आसा आणि त्याची मुलं स्वागताला आली होती. ती मारली गेली. हा दगा होता. आपल्या माणसाने केला म्हणून त्याला शौर्य म्हणायचं कारण नाही. नवल असं की दोनशे वर्षांनी, १६०१ च्या जानेवारीत, हाच गड अकबराच्या हाती गेला, तेव्हा शेवटचा फारूकी बहादूर खान बोलणी करायला खाली उतरला आणि त्याला परत जाऊच दिलं नाही. बुऱ्हाणपूरहून गड वीसेक किलोमीटर उत्तरेला आहे. चढण नानींना झेपणारी नव्हती. मुलं मामूंबरोबर वर जाऊन आली.

बुऱ्हाणपुरात काय बघाल? अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला, १६१५ चा कुंडी भंडारा बघाच. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एकाला एक जोडलेल्या शंभरावर कुंड्यांमधून शहरात आणलंय. कल्पना इराणची, डोंगर आपला. बाजारात मावा जिलेबी खा, पण सकाळचं जेवण हलकं ठेवून. बोहरा बांधवांची दर्गा-ए-हकीमी शांत आणि स्वच्छ आहे. तिथली टापटीप आम्हा सगळ्यांना शिकण्यासारखी.

नातीचा ताजमहालही इथेच सापडला! १७ जून १६३१ ला मुमताज महलचा इंतकाल बुऱ्हाणपुरातच झाला, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत दफन केलं होतं. सहा महिन्यांनी ताबूत आग्र्याला नेला. आता तिथे आहूखान्याचे भग्न अवशेष आहेत. “म्हणजे मी अगदीच चुकीचं नव्हतं लिहिलं,” पोरगी म्हणाली. चौदावं बाळंतपण हा शब्द ऐकून नानी मात्र ताजमहालाविषयी पुढे काहीच बोलल्या नाहीत.

पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट शहराच्या मध्यभागी, जामा मशिदीत आहे. आदिलशहा फारूकी, ज्याला राजा अली खान म्हणत, त्याने ती बांधली. पंधरा कमानी, दोन उंच मिनार, आणि घुमट नाही. वुजू करून आत गेलो, दोन रकात पढलो. मग तिथल्या एका वयस्कर नमाजींनी भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीत अरबी शिलालेख आहे. आणि आतच, उत्तरेकडच्या टोकाला, दुसरा आहे, संस्कृतमध्ये, देवनागरी अक्षरांत. सुरुवातीला सृष्टिकर्त्याला वंदन, मग मलिक राजापासूनची वंशावळ, मग पंचांगाप्रमाणे तारीख : संवत १६४६, शके १५११. इंग्रजी हिशेबाने जानेवारी १५९०. आणि राजाने आपल्या धर्माच्या पालनासाठी ही मशीद बांधली, असं त्यात म्हटलंय. नानींनी अरबी लेखातले ओळखीचे शब्द बोट न लावता, हवेतच बोट फिरवत वाचले. नात संस्कृतसमोर उभी राहून एकेक अक्षर लावत होती. काही अक्षरं जुन्या वळणाची, तिथे ती अडायची, मग पुढे जायची. एकाच भिंतीच्या आत आजी एक लिपी वाचत होती, नात दुसरी. असीरगडच्या मशिदीतही असाच संस्कृत लेख आहे. म्हणजे राजाने हे चुकून केलेलं नाही.

या राजा अली खानाचा शेवट वाईट झाला. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळच्या लढाईत तो मुघलांच्या बाजूने लढला. तो दिसेनासा झाला तेव्हा मुघलांना वाटलं, शत्रूला जाऊन मिळाला. त्यांनी त्याचीच छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी रणांगणात त्याची मय्यत सापडली. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. त्याच्या इमानाची साक्ष द्यायला प्रेत सापडावं लागलं. मामू हे ऐकून एवढंच म्हणाले, “काही गोष्टी जुन्या होतच नाहीत.”

परतताना रावेर सोडल्यावर नातीने वहीत ताजमहाल खोडला आणि थाळनेर लिहिलं. बुऱ्हाणपूर का नाही, असं विचारलं तर म्हणाली, “ते दुसऱ्या राज्यात आहे, बाई मार्क कापतील.” मार्क पूर्ण मिळाले. बाईंनी वर्गात विचारलं, थाळनेरला कोण कोण गेलंय? एकच हात वर झाला. आता बाई शाळेची सहल तिकडे न्यायचं म्हणतायत. पाण्याचे जार जास्त घ्या, असा निरोप आम्ही धाडलाय.

तिकडे लिथुआनियातल्या मुलालाही मशिदीतल्या दोन्ही लेखांचे फोटो गेले. परीक्षा संपल्या की चाळीसगाव, कन्नडचा घाट, वेरूळ करत खुलताबादला जायचं ठरतंय; ज्यांच्या नावाची दोन गावं पाहिली त्या दोन्ही बुजुर्गांना सलाम करायला. डब्यात काय न्यायचं, यावर नानींचा आणि त्यांच्या सुनेचा आताच वाद सुरू झालाय.