वाचनाचा इष्टांक

महिनाअखेरीस आपण किती पुस्तकं वाचली त्याचा हिशेब मांडायचा आणि पुढच्या महिन्याचा इष्टांक ठरवायचा, अशी एक साथ सध्या सुशिक्षितांत पसरली आहे. ‘गुडरीड्स’ नावाच्या संकेतस्थळावर तर वर्षाचा आकडा आधीच जाहीर करायची सोय आहे. ‘या महिन्यात आठ झाली, पुढच्या महिन्यात दहा करणार!’ असं लोक एकमेकांना सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, आंब्याच्या पेट्या उतरवताहेत.

या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे. आणि तो आळशी माणसाचा नव्हे, तज्ज्ञाचा विरोध आहे. मी बँकेत कारकून आहे. इष्टांक या विषयात माझी वीस वर्षांची तपश्चर्या आहे.

इष्टांक डोक्यावर बसला की काय होतं, ते आम्हांला विचारा. ३१ मार्चच्या संध्याकाळी ठेवी टम्म फुगतात आणि माहेरपणाला आलेल्या लेकींसारख्या चार दिवसांत सासरी परत जातात. आमच्या धंद्यात याला ‘विंडो ड्रेसिंग’ म्हणतात. वाचनातही तेच. पंचवीस तारखेला सहाच पुस्तकं झालेली असली, की वाचक कपाटासमोर उभा राहून नावाऐवजी जाडी बघतो. महिनाअखेरीस कवितासंग्रहांना मागणी आली, तर कवींनी हुरळून जाऊ नये. ती मागणी पानावरच्या कोऱ्या जागेला असते.

आता विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ घ्या. १९३९ सालची छोटीशी कादंबरी. दोन संध्याकाळी वाचून होते, पण नंतर चार दिवस दुसरं पुस्तक हातात धरवत नाही. इष्टांकाच्या वहीत हे चार दिवस निव्वळ तोटा! अहो, वाचन खरं त्या चार दिवसांतच चाललेलं असतं.

माझा गेल्या महिन्याचा हिशेब विचाराल, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. तीही तिसऱ्यांदा, आणि तीही अर्धीच. इष्टांकवाले म्हणतील, शून्य. पण वडिलांच्या सोवळ्यापायी झालेले हाल लक्ष्मीबाई ज्या मजेत सांगतात, ते वाचून मी घरी आल्यावर गावी आत्याला फोन केला आणि तिच्या लहानपणचं सोवळं विचारलं. एरवी ‘बरी आहे रे’च्या पुढे न जाणारी आत्या पाऊण तास बोलली. हा पाऊण तास मी कुठल्या रकान्यात भरू?

बरं, आकड्यांशी माझं वैर नाही. पोट त्यांच्यावरच आहे. पण शि. रा. रंगनाथन तर मुळात गणिताचे प्राध्यापक. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारं त्यांचं पुस्तक १९३१ साली निघालं. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, ग्रंथालय वाढतं राहावं. झाले पाच! गणिताच्या माणसाने नियम केले आणि ‘महिन्याला किती’ हा आकडा त्यांत कुठेच नाही.

‘पण आकडा नसला की वाचणंच होत नाही हो,’ असं काही जण म्हणतात. अडचण खरी आहे. दिवसभर राबलेला माणूस मोबाइल छातीवर घेऊनच झोपतो. पण त्यावर औषध वेळ ठरवण्याचं आहे, पुस्तकं मोजण्याचं नाही. रात्री अर्धा तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. मग तीन पानं होवोत की तीस. वेळ ठरवला की जाडजूड पुस्तकाची भीती जाते. आकडा ठरवला की तीच भीती दुप्पट होते.

दिवसभर माझ्या मानेवर ठेवींचा इष्टांक, विम्याचा इष्टांक, कार्डांचा इष्टांक. रात्रीचा तो अर्धा तास एवढाच असा, की ‘किती झालं?’ असं विचारायला कुणी येत नाही. तिथेही मीच साहेब व्हायचं आणि मलाच मेमो द्यायचा? छे!

माझा पुढच्या महिन्याचा संकल्प : ‘स्मृतिचित्रे’ची उरलेली अर्धी. नाहीच झाली, तर शिल्लक पुढे ओढू. एवढ्या एकाच खात्यावर अजून दंडव्याज लागलेलं नाही.