अंदाज नको, मोजमाप हवे

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे जगभरातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. औषधांच्या अभावाइतकाच तेथे घात करतो तो डोळ्यांचा अंदाज. वाहून गेलेले रक्त बहुधा कमीच भासते आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते.

यावरील संशोधनाचा एक महत्त्वाचा टप्पा बेळगाव परिसरातील खेड्यांत घडला. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकी संशोधकांसह १६२० मातांचा अभ्यास केला. गावोगावच्या परिचारिका-प्रसाविकांनी खुणा केलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत रक्त मोजले. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या न मिळालेल्या गटात अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्के होते, तर मिळालेल्या गटात ६.४ टक्के. ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कार्यासाठी हे औषध अत्यावश्यक यादीत घेतले.

पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया व दक्षिण आफ्रिका येथील रुग्णालयांत अशाच पिशवीने रक्त मोजून, निदान होताच सर्व उपचार एकदम सुरू करण्यात आले. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली सिद्ध झाले.

महागड्या यंत्रांचे कौतुक करणाऱ्या समाजाने या साध्या पिशवीचे मोल ओळखावे. ज्ञान आपल्या अंगणात जन्मले म्हणून ते आपोआप घरात येत नाही. आपल्या तालुक्याच्या प्रसूतिगृहात रक्त मोजले जाते की केवळ अंदाज बांधला जातो, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. मातृवंदना केवळ शब्दांनी होत नसते.