वेग आणि प्रगती

लंडन व न्यूयॉर्क ही महानगरे एकमेकांपासून सुमारे ५,५५० किलोमीटर दूर आहेत. मध्ये अथांग अटलांटिक महासागर पसरलेला आहे. शिडाच्या जहाजांना तो ओलांडण्यास कित्येक आठवडे लागत. १९७७ साली या मार्गावर ‘कॉन्कॉर्ड’ विमान सुरू झाले आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने ते हे अंतर सुमारे साडेतीन तासांत तोडू लागले. मानवी बुद्धीचा हा केवढा विजय!

तथापि हा विजय टिकला नाही. त्या विमानात जेमतेम शंभर प्रवासी बसत. इंधन मात्र अतोनात लागे. भाडे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. अखेर २००३ साली त्याची उड्डाणे थांबली.

आज त्याच प्रवासास सात-आठ तास लागतात. पण तो कितीतरी अधिक लोकांना परवडतो. मग ही पीछेहाट म्हणावी काय? मुळीच नाही. चार तास वाचत होते, हे खरे. परंतु ते कोणाचे वाचत होते आणि त्यासाठी किती मोल पडत होते, हेही विचारले पाहिजे. जी सोय मूठभरांनाच लाभते, तिला चमत्कार म्हणता येईल. प्रगती म्हणता येणार नाही.