माळकऱ्याचे ताट आणि रक्तातील साखर

कयाधूच्या तीरावरील ज्या नरसी नामदेव या गावाला संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून अवघा वारकरी संप्रदाय वंदन करतो, त्या परिसरात गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याला मांस आणि मद्य वर्ज्य असते. आणि हा निर्बंध निष्ठेने पाळणाऱ्या एखाद्या माणसाला रक्तात साखर वाढल्याचे डॉक्टर सांगतात, तेव्हा व्याधीच्या चिंतेइतकाच, सात्त्विक आहार असूनही हे कसे घडले, हा विस्मय त्याला ग्रासतो. त्यातच मोबाईलवरून उपदेश येतो की धान्य सोडा, मटण-अंडी खा, साखर आपोआप उतरेल. त्या विस्मयाचे निरसन आणि या उपदेशाची छाननी, दोन्ही व्हावयास हवीत.

मांस, मासे आणि अंडी यांत पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसतात, म्हणून ती खाल्ल्यावर भाताप्रमाणे साखर झपाट्याने चढत नाही, एवढे त्या उपदेशात सत्य आहे. प्रथिनांच्या पचनातून निघणारी अमिनो आम्ले स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास प्रवृत्त करतात, त्याच वेळी ग्लुकॅगॉन या विरोधी संप्रेरकालाही चेतवतात, आणि यकृत त्यांतील काहींपासून साखर निर्माण करीत असले, तरी टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांत नुसत्या प्रथिनाने रक्तशर्करा फारशी वाढत नाही, असे अमेरिकेतील मिनीॲपोलिसच्या गॅनन आणि नटॉल या संशोधकांनी अनेक प्रयोगांतून दाखविले. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगात कोंबडीचे मांस आणि भाज्या आधी, व पाव आणि फळांचा रस नंतर, एवढाच क्रम बदलल्याने जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी राहिली. आमच्या उसळीत प्रथिनांबरोबर पिष्टही असल्याने परिणाम तितकाच होईल असे मी म्हणणार नाही. तरीही कोशिंबीर आणि उसळ आधी, भाकरी मागाहून, हा रिवाज बिनखर्चाचा आहे.

परंतु तात्काळ साखर न चढणे आणि दीर्घकाळ हितकर असणे या भिन्न गोष्टी होत. वीस देशांतील सुमारे १९ लाख ७० हजार लोकांच्या माहितीवरून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात रोज १०० ग्रॅम लाल मांस खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी, तर रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांत १५ टक्क्यांनी अधिक आढळला. तेव्हा माळ उतरविण्याची शिफारस मधुमेहाच्या नावाने कोणी करू नये. आणि ज्या घरांत मांसाहार आहे, त्यांनीही रश्शाबरोबर चुरलेल्या भाकऱ्या आणि वर घेतलेला भात यांचा हिशेब आधी मांडावा.

मग माळकऱ्याचे चुकते कोठे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज दिला, आणि त्याच पाहणीच्या आहारविषयक निष्कर्षांनी २०२५ साली दाखविले की आपली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. त्यांतील अवघ्या ५ टक्के ऊर्जेच्या जागी डाळी, दूधदुभते, अंडी वा मासे यांतील प्रथिने आली, तर मधुमेहाची शक्यता कमी दिसते. उलट एकूण पिष्ट तेवढेच ठेवून केवळ बारीक धान्याऐवजी भरड धान्य घेतल्याने तसा लाभ आढळला नाही. ज्वारीवर माझी श्रद्धा असूनही हे सांगणे मला कर्तव्य वाटते. चार भाकऱ्या आणि वाटीभर पातळ वरण हे ताट सात्त्विक खरे, परंतु मधुमेह्यासाठी ते असमतोल आहे.

एकादशीला तर हा असमतोल शिगेला पोहोचतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या जोडीला बटाटा आणि रताळे. वस्तुतः उपवासाच्या मर्यादेतच शेंगदाण्याची आमटी, दही आणि राजगिरा उपलब्ध आहेत, आणि नरसीच्या यात्रेत फराळाचे वाटप करणाऱ्या मंडळांनी साबुदाण्याऐवजी यांना अग्रमान दिला, तर व्रताला यत्किंचितही बाध येणार नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने मात्र उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच, कारण तेथे धोका साखर अतिशय खाली जाण्याचाही असतो. ज्याचे मूत्रपिंड दुखावले आहे, त्याने प्रथिनेही विचारल्यावाचून वाढवू नयेत. शिवाय शाकाहारी माणसात बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर प्रदीर्घ काम केले आहे, आणि मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनाने ती उणीव वाढू शकते; म्हणून माळकरी रुग्णाने त्याची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

सर्वांत मोठी खंत मला वेगळीच वाटते. नरसी ज्यात वसले आहे, त्या हिंगोली जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकतो. सोयाबीनमध्ये तर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. ते मोंढ्यावर जाते, त्याचे तेल निघते, आणि प्रथिनांनी समृद्ध अशी पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात पडते, तर पिकविणाऱ्याच्या घरी शिधापत्रिकेवर मुख्यतः गहू आणि तांदूळच येतात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, त्यात डाळीची तरतूद नाही. या पाच किलोंबरोबर निदान एक किलो डाळ माणशी द्यावी, आणि ती शक्यतो जिल्ह्यातील शेतकऱ्यांकडूनच खरीदावी, अशी मागणी ग्रामसभांनी ठरावाद्वारे सरकारदरबारी रुजू केली पाहिजे.