मूळ करारनामा हरवला, आता घर विकायचे कसे?



कल्याणहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, 'अब्बांचा इंतेकाल होऊन दोन वर्षे झाली. त्यांच्या नावावरचा फ्लॅट विकायचा आहे. गिऱ्हाईक तयार आहे, पण मूळ करारनामा सापडत नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात आमचे तळमजल्यावरचे कपाट पाण्यात बुडाले होते. त्यातच तो गेला असावा. एजंट म्हणतो, कागद नाही तर भाव उतरवा.'

भगिनी, भाव उतरवायची घाई करू नका. आधी एवढेच पाहा, की तो करारनामा नोंदणीकृत होता का? नोंदवलेला कागद हरवला तर त्याची प्रत मिळते. जो कधी नोंदवलाच नाही, तो सरकारी दप्तरात कितीही शोधला तरी सापडणार नाही.

दस्त नोंदवला जातो तेव्हा त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात राहते. दस्त क्रमांक आणि तारीख इंडेक्स टू वर असते. अब्बांनी सोसायटीला दिलेल्या कागदांत किंवा कर्ज घेतले असल्यास बँकेच्या फाइलमध्ये ती पाहा. नाहीच मिळाली तर अब्बांचे नाव, गाव आणि अंदाजे वर्ष देऊन शोध घेता येतो. अलीकडचे दस्त नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' मध्येही दिसतात. मग अर्ज करून आणि फी भरून प्रमाणित प्रत घ्या. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 57 नुसार मूळ दस्तातील मजकूर सिद्ध करायला ही प्रत न्यायालयातही चालते.

तरीही गिऱ्हाईक बिचकते, कारण कागद हरवला नसून कुठे गहाण पडला असेल अशी शंका त्याच्या मनात असते. ती दूर करणे तुमचे काम. पोलीस ठाण्यात कागद हरवल्याची नोंद करा. वकिलामार्फत एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. हरकतीसाठी साधारण 14 दिवसांची मुदत ठेवतात. वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि नुकसानभरपाईचे हमीपत्र करा. शेअर सर्टिफिकेट गेले असेल तर सोसायटीकडून दुय्यम प्रत घ्या. तारण मालमत्तांची नोंद ठेवणाऱ्या 'सरसाई' च्या दप्तरातही शोध घेता येतो.

कागद बँकेनेच हरवला असेल तर गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या 13 सप्टेंबर 2023 च्या आदेशाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. कागद गहाळ झाले तर प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्च बँकेचा. मात्र त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. 1 डिसेंबर 2023 पासून कागद परत देण्याची वेळ आलेल्या कर्जांना हा नियम लागू आहे.

तुमच्या पत्रात कागदाचा उल्लेख आहे, वारसांचा नाही. सोसायटीतले नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. अब्बांच्या मागे अम्मी हयात असतील तर त्यांचा आठवा हिस्सा आहे आणि तुम्हा बहिणींचाही हक्क आहे. विक्रीच्या दस्तावर सर्व वारसांच्या सह्या हव्यात. 'बहिणीची सही नंतर घेऊ' असे म्हणून केलेला व्यवहार पुढे कोर्टात जातो, आणि घरातली बोलाचालीही बंद होते. वारसांबद्दल वाद किंवा शंका असेल तर 1827 च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयाकडून वारसदाखला घ्यावा.

आता दुसरी बाजू. जुन्या इमारतींत कित्येकांकडे फक्त नोटरी केलेला कागद किंवा मुखत्यारपत्र असते. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. अशा घराला वर्तमानपत्रातली नोटीस उपयोगाची नाही. मूळ विकणाऱ्याला किंवा त्याच्या वारसांना गाठून, मुद्रांक शुल्क आणि दंड भरून नवा दस्त नोंदवावा लागेल. तो मार्ग लांबचा आहे, पण तो टाळून केलेली विक्री टिकत नाही.

घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवावे. नोंदणी झाली म्हणजे इमारत अधिकृत ठरली, असे नाही. डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांवर महारेरा क्रमांक मिळवले होते. 19 नोव्हेंबर 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि आयुष्याची कमाई घातलेली कुटुंबे हवालदिल झाली. म्हणून परवानगीचा कागद महापालिकेत जाऊन स्वतः पडताळा.

भगिनी, या सगळ्याला काही आठवडे लागतील. गिऱ्हाईकाला खरे सांगा, प्रमाणित प्रत दाखवा, मगच भावाचे बोला. आणि बाकीच्या घरांतल्या पुरुषांना विनंती आहे, की कागद कुठे ठेवलेत ते आज रात्री जेवताना घरातल्या बायकांना सांगा. इंडेक्स टू चा फोटो मुलीच्याही मोबाइलवर असू द्या. आपल्या पश्चात तेच शोधत त्यांना कचेऱ्या धुंडाळाव्या लागतात.